सबीरा मर्चंट : शब्दांच्या खेळापासून डिस्कोच्या दारापर्यंत

इंग्रजीत 'होस्ट' हा एकच शब्द दोन माणसांसाठी वापरतात. घरी बोलावून जेवू घालतो तो होस्ट आणि टीव्हीच्या पडद्यावर कार्यक्रम चालवतो तोही होस्टच. मराठीत आपण या दोघांची ताटं वेगळी केली. घरातला तो यजमान आणि पडद्यावरचा तो सूत्रसंचालक. उर्दूत मात्र दोघांनाही मेजबान म्हणतात. आपली 'मेजवानी' तिथूनच आली. म्हणजे जेवण तेवढं आपण मराठीत आणलं आणि वाढणारा माणूस तिकडेच राहू दिला.

आजच्या बोलण्याचा विषय आहे रात्रीच्या धंद्यातला माणूस आणि टीव्हीवरचा सूत्रसंचालक. ही दोन कामं एकमेकांपासून फार लांबची वाटतात. एकीकडे अंधार, दारू, संगीत, पोलिसांचा परवाना. दुसरीकडे घरातल्या आजीपासून नातवापर्यंत सगळ्यांनी एकत्र बसून पाहायचा पडदा. तरी मुंबईतल्या एका बाईंनी ही दोन्ही कामं केली आणि दोन्हींत नाव कमावलं. त्यांचं नाव सबीरा मर्चंट.

मुंबई दूरदर्शन सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ रोजी. चित्र काळंपांढरं, वाहिनी एकच, तीही दिवसातले थोडेच तास. त्या एका वाहिनीवर सगळ्यांना जागा द्यायची होती. शेतकऱ्यांसाठी 'आमची माती आमची माणसं', हसण्यासाठी 'गजरा', सिनेमाच्या शौकिनांसाठी तबस्सुम यांचं 'फूल खिले हैं गुलशन गुलशन'. त्यातच इंग्रजी शब्दांचा एक खेळ होता, 'व्हॉट्स द गुड वर्ड'. १९७२ ते १९८७, जवळजवळ पंधरा वर्षं तो चालला आणि सबीरा मर्चंट तो चालवत. त्या मुळात इंग्रजी रंगभूमीवरच्या अभिनेत्री. उच्चार स्वच्छ, बसणं ताठ, बोलण्यात घाई नाही.

आता गंमत अशी की हा खेळ पाहणाऱ्या सगळ्यांनाच फाडफाड इंग्रजी येत होतं, असं मुळीच नाही. रिमोट दाबून दुसरीकडे जायची सोयच नव्हती, त्यामुळे गिरगाव-दादरच्या चाळींतही हा कार्यक्रम लागायचा. १९७३ मध्ये सिंहगडावरच्या केंद्रामुळे पुण्यातही मुंबईचं चित्र दिसू लागलं. आम्ही गोंदियाकडची माणसं त्या वेळी रेडिओवरच होतो. आमच्या भागात टीव्ही आला तो १९८२ च्या आशियाई खेळांनंतर देशभर छोटी प्रक्षेपण केंद्रं उभी राहिली तेव्हा, आणि आमच्या वाट्याला आली ती दिल्ली. त्यामुळे सबीराबाईंचं नाव आम्हाला कळलं ते मुंबईहून रेल्वेने येणाऱ्या पाहुण्यांकडून आणि मासिकांतून.

शब्दांचा खेळ चालवणं सोपं दिसतं. प्रश्न कार्डावर लिहिलेला, उत्तरही लिहिलेलं. मग सूत्रसंचालकाचं काम उरतं काय? मी आयुष्यभर मुशायऱ्यांच्या बैठकीत बसत आलो आहे, म्हणून सांगतो. मुशायऱ्यात एक नाझिम असतो. कवींची नावं पुकारणं हे त्याचं वरवरचं काम. खरं काम वेगळंच. कोणाला कोणानंतर बोलवायचं, तयारीच्या शायराच्या पाठोपाठ नवशिक्याला उभं करून त्याचा बळी कसा जाऊ द्यायचा नाही, एखाद्याची गझल पडली तर पुढच्या वाक्यात ती शांतता कशी झाकायची, आणि स्वतः किती कमी बोलायचं. वाईट नाझिम स्वतःच अर्धा मुशायरा वाचतो. चांगल्या नाझिमाचं एक वाक्यही लोकांना आठवत नाही, फक्त रात्र छान गेल्याचं आठवतं. कॅमेऱ्यासमोर पहिल्यांदा बसलेला स्पर्धक हा अशा नवशिक्या शायरासारखाच असतो. येणारा शब्दही त्याच्या घशात अडकतो. त्याचं हसं होऊ न देता खेळ पुढे न्यायचा, ही पाहुणचाराचीच विद्या आहे.

पडद्यावरचा हा खेळ चालू असतानाच, ऐंशीच्या दशकात, सबीरा मर्चंट मुंबईत एक डिस्को चालवत होत्या. नाव 'स्टुडिओ २९', जागा मरीन ड्राइव्हवरच्या बॉम्बे इंटरनॅशनल हॉटेलात. नाव ऐकताच न्यूयॉर्कच्या 'स्टुडिओ ५४' ची आठवण येते. तो क्लब एप्रिल १९७७ मध्ये उघडला आणि त्याचे दोन्ही मालक कर चुकवल्याबद्दल १९८० मध्ये तुरुंगात गेले. मधल्या तीन वर्षांत त्याने साऱ्या जगाला डिस्कोचा नाद लावला. आपल्याकडे १९८० मध्ये 'कुर्बानी' आला, त्यात बिद्दूच्या चालीवर नाझिया हसन गायली, आणि १९८२ मध्ये 'डिस्को डान्सर'. लग्नाच्या वरातीतल्या बँडवाल्यांनीही ते ठेके उचलले. डिस्को म्हणजे काय हे गावाला पिक्चरमधून कळलं. मुंबईत मात्र ती खरोखर जाण्याची जागा होती, आणि तिथं जाता येणं ही एक पायरी होती.

महाराष्ट्रातला हा धंदा समजायला १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा लक्षात ठेवावा लागतो. कायद्याच्या नावातच बंदी. पुढे साठच्या दशकापासून ती सैल होत गेली, पण कायदा रद्द झाला नाही. बंदी कायम आणि परवाना हा अपवाद, अशी रचना राहिली. आपल्याकडच्या बारवर 'परमिट रूम' अशी पाटी असते ती त्यामुळेच. गोंदियाला लागून असलेल्या गडचिरोलीत तर १९९३ पासून पूर्ण दारूबंदी आहे. तेव्हा रात्रीचा धंदा करणाऱ्याला आपल्या राज्यात नेहमी दोन गिऱ्हाइकं सांभाळावी लागतात. एक टेबलावर बसलेलं आणि दुसरं सरकारी कचेरीत बसलेलं.

डिस्कोचा हिशोब मोठा चमत्कारिक असतो. लोक नाचायला येतात, पण नाचण्यातून मालकाला फारसं काही मिळत नाही. कमाई असते पेयांवर आणि खाण्यावर. फ्लोअर रिकामा दिसला तर आलेला माणूस दारातूनच परत फिरतो. फ्लोअर फार भरला तर कोणी टेबलापर्यंत पोहोचत नाही, म्हणजे गल्ला रिकामा. म्हणून गर्दी दिसली पाहिजे पण गुदमरता कामा नये. गाणी लावणारा माणूस तीन वेगवान गाण्यांनंतर एक संथ गाणं लावतो ते काही प्रेमिकांच्या सोयीसाठी नाही. त्या वेळात दमलेली माणसं बसतात आणि बसली की काहीतरी मागवतात. इथंही नाझिमाचीच विद्या, कोणानंतर कोण.

आणि सगळ्यात महत्त्वाचं असतं दार. 'स्टुडिओ ५४' चा एक मालक स्टीव्ह रुबेल स्वतः दाराशी उभा राहून रस्त्यावरच्या गर्दीतून बोट दाखवून माणसं निवडायचा. मुंबईत अशा जागा सभासदत्वावर, ओळखीवर किंवा जोडप्यांनाच प्रवेश या नियमावर चालत. कोण आत येणार यावरच आतली हवा ठरते. मला या दोन कामांतला खरा फरक इथंच दिसतो. टीव्हीला दार नाही. ज्याच्या घरी पेटी आहे तो आत आला, ज्याच्या घरी नाही तो शेजाऱ्याच्या खिडकीतून आत आला. डिस्को सगळा दारावर उभा. सबीराबाई एकाच काळात बिनदाराच्या घराच्याही मेजबान होत्या आणि कडक दाराच्या घराच्याही.

अमेरिकेत याच्या उलट वाटेने गेलेला एक माणूस आहे, जॉन टॅफर. आधी बारमध्ये दारू ओतणारा, मग लॉस एंजेलिसच्या 'ट्रुबाडूर' या संगीताच्या क्लबचा मॅनेजर, मग अनेक बार-क्लबांचा सल्लागार. २०११ पासून तो 'बार रेस्क्यू' हा कार्यक्रम करू लागला. बुडणाऱ्या बारमध्ये तो जातो, लपवलेल्या कॅमेऱ्यांतून गल्ल्याची चोरी आणि स्वयंपाकघरातली घाण पाहतो, मालकावर ओरडतो, थोड्याच दिवसांत जागा पालटून पुन्हा उघडून देतो. हिशोब त्याला पक्का कळतो यात शंका नाही. पण त्याची मेजबानी ओरडण्याची आहे. पाहुणा संकोचू नये म्हणून धडपडणाऱ्या सबीराबाई आणि यजमानालाच त्याच्या घरात खडसावणारा टॅफर, यांच्यात फक्त दोन देशांचं अंतर नाही. दोघांच्या मध्ये टीव्हीच बदलला. भांडण विकलं जातं हे त्याला मधल्या काळात कळलं होतं.

सबीरा मर्चंट पुढे सौंदर्यस्पर्धेतल्या मुलींना उच्चार आणि बोलणं शिकवू लागल्या. मिस इंडियाच्या तयारीत त्यांचं नाव कायम घेतलं गेलं. हेही काम दारावरचंच. कोणत्या बोलण्याने कोणतं दार उघडतं, हे त्यांच्याइतकं कोणी जवळून पाहिलं असेल?

आता जरा अडचणीच्या गोष्टीकडे येतो. रात्रीचा धंदा करणारी बाई संध्याकाळी घराघरांत आदराने पाहिली जात होती, याचं मला कौतुक आहे. पण तो आदर कशावर टिकला होता तेही पाहायला हवं. इंग्रजी, मरीन ड्राइव्ह, हॉटेल. या तीन गोष्टी काढून घेतल्या की तीच रात्र बदनाम होते. याचा पुरावा आपल्या कायद्यातच आहे.

२००५ साली आर. आर. पाटील गृहमंत्री असताना राज्याने डान्स बार बंद केले. पोलीस कायद्यात कलम ३३ अ घातलं आणि खाणावळी, परमिट रूम, बिअर बार यांत नाच करायला मनाई केली. पण लगेच पुढे कलम ३३ ब होतं. तीन तारांकित आणि त्यावरच्या हॉटेलांना, जिमखान्यांना, क्लबांना ही मनाई लागू नव्हती. डिस्कोत गिऱ्हाईक स्वतः नाचतं आणि डान्स बारमध्ये नोकरीवरच्या बाया गिऱ्हाइकासाठी नाचतात, हा फरक मला मान्य आहे. पण ३३ ब मध्ये तो फरक नव्हताच. तारांकित हॉटेलात नोकरीवरची बाई नाचली तरी चालणार होतं. म्हणजे प्रश्न नाचाचा नव्हता, दाराचा होता. सुमारे ७५ हजार बाया बेकार झाल्याचा आकडा न्यायालयात मांडला गेला. एप्रिल २००६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ही बंदी रद्द केली. जुलै २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम केला. श्रीमंतांच्या हॉटेलात जो नाच सभ्य, तो साध्या बारमध्ये असभ्य कसा होतो, याला सरकारकडे पटेल असं उत्तर नव्हतं.

त्यावर सरकारने काय करावं? २०१४ मध्ये तारांकित हॉटेलांची सूट काढून टाकली आणि सगळ्यांनाच बंदी घातली. समानता अशीही आणता येते. ती बंदीही न्यायालयात अडली, २०१६ मध्ये नवा, अटींनी भरलेला कायदा आला आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यातल्या बऱ्याच अटी उडवल्या. नाचणारीला बक्षिशी देता येईल, नोटा उधळता येणार नाहीत, असा बारकावा त्या निकालात आहे. चौदा वर्षांच्या या खटपटीत बारमध्ये नाचणाऱ्या बाईला टीव्हीवर कोणी सूत्रसंचालक म्हणून बसवलं नाही. पडद्यावर ती आली ती बातमीत, ओढणीने तोंड झाकून.

रात्र म्हणजे दारू आणि दिवे असं मुंबईकडे पाहून वाटतं, पण आमच्याकडेही रात्र आहे. भंडारा, गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूर या झाडीपट्टीत दिवाळी झाली की मंडई भरते, दंडार आणि खडीगंमत होते, आणि होळीपर्यंत नाटकांचा हंगाम चालतो. वडशाला नाटक कंपन्यांची कार्यालयं आहेत. गावातलं मंडळ तिथं जाऊन नाटक ठरवतं, पैसे मोजतं आणि तिकीट लावून आपल्या गावात ते उभं करतं. नाटक पडलं तर घाटा मंडळाचा. हाही रात्रीचा धंदाच, आणि त्यातही दार आहे, पण तट्ट्याचं. बायकापोरं, म्हातारी माणसं, शेजारच्या गावचे सोयरे, सगळे त्यातून आत येतात. त्या दिवशी घराघरांत पाहुणे असतात, आणि जेवणं उरकता उरकता पोरीसाठी स्थळाचीही बोलणी होऊन जातात. नाटक उशिरा सुरू होतं आणि पहाटेपर्यंत चालतं. याचं कारण कलेत शोधू नये. जंगलातून अंधारात परत जायचं कसं, म्हणून उजाडेपर्यंत पाहुण्यांना बसवून ठेवणं ही यजमान गावाची जबाबदारी होती. आता मोटारसायकली आल्या, तरी नाटकाची लांबी फारशी कमी झालेली नाही.

जानेवारी २०२० मध्ये मुंबईत रात्रभर दुकानं, मॉल, खाण्याच्या जागा उघड्या ठेवायला परवानगी मिळाली तेव्हा वर्तमानपत्रांनी 'नाईट लाइफ' सुरू झाल्याचे मोठे मथळे दिले. बार आणि पब त्यात नव्हते, त्यांची वेळ रात्री दीडचीच राहिली. आमच्या झाडीत दीड वाजता दुसऱ्या अंकाचा पडदा वर गेलेला असतो, आणि चहावाल्याकडे तोपर्यंत दूध संपलेलं असतं.