आग विझविणारे वायु

कढईंतील तेल पेटलें असतां अनुभवी गृहिणी पाण्याकडे धांवत नाहीं; ती कढईवर झांकण घालते. पाणी ओतल्यास तें तापलेल्या तेलाखालीं जाऊन क्षणांत त्याची वाफ होते व जळतें तेल चहूंकडे उडतें. झांकणानें मात्र हवा तुटते आणि ज्वाला निमते. जहाजाचें इंजिनघर, जुन्या हस्तलिखितांचें दालन, संगणकांची खोली अशा ठिकाणींहि पाणी आगीइतकाच नाश करतें. पण एवढ्या खोलीवर झांकण कोठून घालावें? तें काम वायूवर सोंपविलेलें असतें.

यांतील जुना व स्वस्त वायु कार्बन डायॉक्साइड. तो दाबाखालीं द्रवरूपांत पोलादी नळकांड्यांतून भरून ठेवितात. झडप उघडतांच तो नळ्यांवाटे खोलीभर पसरतो. हवेंत प्राणवायु शेंकडा २१ असतो. खोलींत हा वायु शेंकडा ३४ भरला म्हणजे प्राणवायु १४ च्या आसपास उतरतो व तेलाची ज्योत मालवते. अडचण एवढीच, कीं मनुष्याची प्राणज्योतहि तींतच मालवते! कारण हा वायु स्वतःच विषारी आहे. शेंकडा १० झाला तरी कांहीं मिनिटांत शुद्ध हरपते. म्हणून अशा दालनांत आधीं घंटा वाजते, माणसांना बाहेर पडण्यास अवधि मिळतो, मगच वायु सुटतो.

माणसाला न मारतां आगीला मारणारें द्रव्य शोधण्याची खटपट पुष्कळ झाली. विसाव्या शतकाच्या आरंभीं पितळी पिचकारींत कार्बन टेट्राक्लोराइड भरून मोटारींत ठेवीत. तापलेल्या धातूवर पडतांच त्यापासून फॉस्जीन निपजे. पहिल्या महायुद्धांत सैनिकांवर सोडला तोच हा वायु.

पुढें हॅलॉन १३०१ आला. त्याची रीत निराळी. ज्वालेंत अतिचंचल अणुखंड एकामागून एक उत्पन्न होऊन जळण्याची सांखळी चालूं ठेवितात. हॅलॉनमधील ब्रोमिन त्यांना गांठून ती सांखळीच तोडतो. शेंकडा ५ वायु पुरे होई, आणि माणसाचा श्वासहि चाले. परंतु तोच ब्रोमिन वर चढून पृथ्वीचें ओझोनचें छत्र कुरतडतो असें आढळलें. १९८७ चा माँट्रियल करार झाला व विकसित राष्ट्रांनीं १९९३ अखेर हॅलॉनचें उत्पादन थांबविलें.

त्याच्या जागीं आलेल्या एका मिश्रणांत नत्रवायु ५२, आर्गॉन ४० व कार्बन डायॉक्साइड ८ भाग असतो. हे आठ भाग मोठ्या युक्तीचे आहेत. मिश्रण सुटल्यावर खोलींत प्राणवायु सुमारें शेंकडा १२।। उरतो, ज्वालेला तो अपुरा पडतो. मात्र कार्बन डायॉक्साइड तीनाच्या वर गेल्यानें माणूस नकळत खोल श्वास घेऊं लागतो, आणि तेवढ्या प्राणवायूवरहि बाहेर पडेपर्यंत त्याचा मेंदू शुद्धीवर राहतो.

मॅग्नेशियम पेटल्यास मात्र हें सारें व्यर्थ. तें कार्बन डायॉक्साइडमधूनहि प्राणवायु ओढून घेतें. कापसाच्या गांठींत खोल धुमसणारा विस्तवहि लवकर मरत नाहीं. म्हणून वायु सुटल्यावर दारें-खिडक्या निदान दहा मिनिटें घट्ट बंद राहावीं लागतात. आंत काय झालें हें पाहण्यासाठीं कोणीं उतावळेपणानें दार उघडलें, तर ताजी हवा आंत शिरते व विझलेली आग पुन्हा उठते.