साखळीची शेवटची कडी आपणच का?

पूर्वी गावोगावी आणि मुंबईच्या चाळीचाळींतून एक पोस्टकार्ड फिरायचे. वर कुठल्यातरी देवाचे किंवा मातेचे नाव, खाली मजकूर : हे पत्र मिळताच अशीच एकवीस पत्रे लिहून पाठवा. अमुक माणसाने लिहिली, त्याला लॉटरी लागली. तमुक माणसाने पत्र फाडले, आठ दिवसांत त्याच्या घरी मयत झाली. लिहिणाऱ्याचे नाव नाही, पत्ता नाही. भोळीभाबडी माणसे पदरचे पैसे घालून एकवीस कार्डे आणायची आणि रात्री कंदिलाखाली बसून ती लिहायची. या सगळ्या व्यवहारात कुणाची भरभराट झाली असेल तर ती टपाल खात्याची!

आपल्या समाजातील अनेक घरांत ही कार्डे सरळ चुलीत गेली. १९५६ नंतर देवाच्या कोपाची भीती सुटली होती आणि मातेच्या नावाने धमकी देणाऱ्या पत्राला घाबरण्याचे कारण उरले नव्हते. ही फार मोठी कमाई आहे. पण त्याच पत्रातून देवाचे नाव खोडून तेथे कंपनीचे नाव घातले, कोपाच्या जागी कमिशन आले, तेव्हा मात्र ते पत्र आपण चुलीत टाकले नाही. भीती ओळखायला आपण शिकलो. लालूच ओळखायला शिकलो का, हा प्रश्न वसई, नालासोपारा, विरारच्या वस्त्यांमध्ये आज स्पष्टपणे विचारला पाहिजे.

साखळीचे हे गणित नवे नाही. १९३५ साली अमेरिकेत डेन्वर शहरात अशीच पत्रांची लाट आली होती. मंदीचे दिवस, हाताला काम नाही. पत्रात सहा नावे असत. पहिल्या नावाला दहा सेंटचे नाणे पाठवायचे, ते नाव खोडायचे, तळाला आपले नाव लिहायचे आणि पाच मित्रांना पत्र धाडायचे. आपले नाव वर पोहोचेल तेव्हा १५,६२५ नाणी, म्हणजे दीड हजारांहून अधिक डॉलर घरी येतील, असे आश्वासन. टपाल कचेरीत पत्रांचा खच पडला. नाण्यांची रास मात्र फार थोड्यांच्या घरी पोहोचली, आणि काही महिन्यांत लाट ओसरली. माणसे संपली की साखळी संपते.

माणसे किती लवकर संपतात, हे आपल्याच शहरावर मांडून पाहू. एकाने पाच सभासद करायचे, त्या पाचांनी प्रत्येकी पाच. पाचाचे पंचवीस, मग १२५, ६२५, ३,१२५, १५,६२५, ७८,१२५. आठव्या पायरीला ३,९०,६२५ माणसे लागतात आणि नवव्या पायरीला १९,५३,१२५. वसई-विरार महानगरपालिकेची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत होती १२ लाख २२ हजार. म्हणजे तान्ही बाळे आणि अंथरुणाला खिळलेले म्हातारे धरूनही नवव्या पायरीला हे शहर अपुरे पडते. तेराव्या पायरीला १२२ कोटी माणसे लागतात. त्याच जनगणनेत सगळ्या भारताची लोकसंख्या १२१ कोटी होती! सभागृहात निळा कोट घालून फळ्यावर वर्तुळे काढणारा माणूस तिसऱ्या-चौथ्या पायरीलाच खडू खाली ठेवतो, त्याचे कारण हे आहे.

याहून महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. पाचाच्या साखळीत कोणत्याही पूर्ण पायरीवर थांबून मोजा. एकूण सभासदांपैकी ऐंशी टक्के सर्वांत खालच्या पायरीवर असतात. त्यांनी पैसे भरलेले असतात आणि त्यांच्याखाली कुणीही नसते. शेवटच्या दोन पायऱ्या धरल्या तर शंभरातले शहाण्णव होतात. ‘मेहनत करणारा वर जातो, आळशी खाली राहतो’ असे सेमिनारमध्ये सांगतात. सगळ्यांनी रात्रंदिवस मेहनत केली तरी शंभरातले ऐंशी खालीच राहणार, कारण साखळीची रचनाच तशी आहे. बुडालेल्या माणसाला वर आळशी ठरवणे ही त्या धंद्यातली सर्वांत हलकट गोष्ट आहे.

आता कुणी म्हणेल, आमच्या योजनेत सभासद करावेच लागत नाहीत, नुसते पैसे ठेवायचे आणि दर आठवड्याला व्याज घ्यायचे. तीही साखळीच, फक्त कड्या दिसत नाहीत. नव्या माणसाचे पैसे जुन्याला व्याज म्हणून वाटायचे, एवढाच व्यवहार. १९२० मध्ये बोस्टन शहरात चार्ल्स पोंझी नावाच्या माणसाने ४५ दिवसांत ५० टक्के नफ्याचे आमिष दाखवून हेच केले आणि तेव्हापासून या फसवणुकीला त्याचेच नाव पडले. २०२४ मध्ये दादर, मीरा रोड, कांदिवली, कल्याण, सानपाडा येथे ‘टोरेस’ नावाची चकचकीत दुकाने उघडली. प्लॅटिनम हर्न ही त्यामागची कंपनी. हिऱ्यासारखे दिसणारे मोइसानाइटचे खडे विकत घ्या आणि आठवड्याला सहा टक्के किंवा त्याहून अधिक परतावा घ्या, नवे ग्राहक आणा, त्याचा वेगळा बोनस. डिसेंबर २०२४ च्या अखेरीस पैसे थांबले. ६ जानेवारी २०२५ रोजी दादरच्या दुकानासमोर गर्दी उसळली. शिवाजी पार्क पोलिसांत गुन्हा नोंदला गेला तो एका भाजीविक्रेत्याच्या तक्रारीवरून. पोलिसांच्या म्हणण्यानुसार मुख्य सूत्रधार परदेशी नागरिक होते आणि त्यांतले अनेक आधीच देश सोडून गेले होते.

आठवड्याला सहा टक्के म्हणजे वर्षाच्या ५२ आठवड्यांत ३१२ टक्के. त्याच २०२४ साली पोस्टाच्या आवर्ती ठेवीला वर्षाला ६.७ टक्के व्याज होते. एक आकडा आठवड्याचा, एक वर्षाचा. हे दोन आकडे शेजारी लिहून पाहायला अर्थशास्त्राची पदवी लागत नाही.

पण टोरेसची दुकाने निदान दुसऱ्या गावची होती. वसईची स्वतःची कहाणी याहून जुनी आणि याहून जिव्हारी लागणारी आहे. मैत्रेय नावाचा समूह वसईतूनच चालत होता. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस सुरुवात झाली. मैत्रेय प्लॉटर्स अँड स्ट्रक्चर्स, मैत्रेय सर्व्हिसेस अशा त्याच्या कंपन्या. दरमहा थोडी थोडी रक्कम भरा, मुदत संपली की भूखंड घ्या नाहीतर वाढीव रक्कम घ्या, असा प्रस्ताव. महाराष्ट्रभर शाखा, गावोगावी एजंट, त्यात महिला मोठ्या संख्येने. धुणीभांडी करणारी, भाजी विकणारी, रिक्षा चालवणाऱ्याची बायको, अंगणवाडी सेविका, असा ठेवीदारवर्ग. मग परताव्याचे चेक वटेनासे झाले. फेब्रुवारी २०१६ मध्ये नाशिक पोलिसांनी समूहाच्या प्रमुख वर्षा सत्पाळकर यांना अटक केली. ठेवीदारांना पैसे परत मिळावेत म्हणून त्या वर्षी नाशिकच्या न्यायालयाच्या देखरेखीखाली एस्क्रो खाते उघडण्यात आले. इतरत्रही गुन्हे दाखल झाले. आरोपींचे काय करायचे ते न्यायालय ठरवील. ठेवीदाराच्या मुलीचे लग्न किंवा मुलाची फी त्यासाठी थांबली नाही, ती सावकाराच्या दारातून भागली.

आणि नाव पाहा, मैत्रेय! नालासोपाऱ्याजवळ ज्या टेकाडाला लोक बुरुड राजाचा कोट म्हणत, ते १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी खणले. आत बौद्ध स्तूप निघाला. दगडी पेटीत तांब्याचा करंडक आणि त्याभोवती धातूच्या आठ मूर्ती होत्या. सात बुद्धांच्या, आठवी मैत्रेयाची. ज्या शूर्पारक नगरीत व्यापारी जहाजे लागत आणि त्याच व्यापाऱ्यांच्या दानातून धम्माची कामे होत, तेथून हाकेच्या अंतरावर त्याच नावाच्या पावत्या फाडल्या गेल्या. कंपनीने हे नाव कोणत्या हेतूने घेतले, हा भाग निराळा. परंतु मैत्री हा शब्द ज्यांच्या घरात रोज उच्चारला जातो, त्यांना तो शब्द पावतीवर पाहून काय वाटले असेल, याचा विचार करावा.

शिकलेली, संघटित, रोज पेपर वाचणारी माणसे यात कशी अडकतात, असे विचारून आपलेच काही प्राध्यापक मंडळी नाक मुरडतात. त्यांनी एकदा नालासोपारा पूर्वेच्या एखाद्या चाळीत संध्याकाळी जाऊन बसावे. पहाटेची गाडी पकडून कंत्राटी कामावर जाणाऱ्या माणसाला पगाराची स्लिप नसते, म्हणून बँक कर्ज देत नाही. बँकेत गेले तर फॉर्म भरून देणारे कुणी नसते, शाखेतला माणूस मान वर करून बघत नाही. एजंट मात्र घरी येतो, चहा घेतो, मुलांची चौकशी करतो. तो परका नसतोच. विहारात शेजारी बसणारी ताई, बचत गटाची अध्यक्षा, मामेभाऊ, कंपनीतला जुना सहकारी. ‘जय भीम’ घालून तो बोलायला सुरुवात करतो. त्याच्यावर अविश्वास दाखवणे म्हणजे समाजावर अविश्वास दाखवल्यासारखे वाटते. ज्या विश्वासावर आपली जयंती मंडळे उभी आहेत, विहारे पैपैशाने बांधली गेली, तोच विश्वास या धंद्याला फुकटात मिळतो. साखळीवाल्याला कसलेही भांडवल लागत नाही, कारण भांडवल वस्तीने आधीच जमवून ठेवलेले असते.

आणि फसगत झाल्यावर वस्ती ओरडत का नाही? याचे उत्तर आपल्याला बाबासाहेबांनी दुसऱ्या संदर्भात देऊन ठेवले आहे. जातिव्यवस्था टिकते कशी, याची मीमांसा करताना त्यांनी श्रेणीबद्ध विषमता मांडली. सरळ दोनच तट असते तर खालचे सगळे एक होऊन उठले असते. पण प्रत्येकाच्या वर कुणी आणि प्रत्येकाच्या खाली कुणी ठेवले की वरच्याविरुद्ध उठताना खालच्यावरचा आपला थोडासा हक्क सुटेल, ही धास्ती हात धरते. साखळी योजना नेमकी याच पद्धतीने बांधलेली असते. ज्या ताईने स्वतःचे ४० हजार घालवले, तिने कमिशनसाठी आणखी दहा घरांतून पैसे आणलेले असतात. ती तक्रार करायला गेली तर पहिला प्रश्न तिलाच विचारला जाईल. ती दहा घरे तिच्या दारात उभी राहतील. म्हणून ती गप्प बसते. तिच्या वरचा गप्प, त्याच्या वरचा गप्प. लुटलेलाच लुटीचा राखणदार होतो.

कायद्यानेही या भीतीला हातभार लावला आहे, हे मान्य केले पाहिजे. १९७८ च्या बक्षीस चिठ्ठी व पैसे फिरवण्याच्या योजनांवर बंदी घालणाऱ्या कायद्यात योजना चालवणे हा गुन्हा आहेच, शिवाय तिचा सभासद होणे आणि तिच्यात भाग घेणेही गुन्हा आहे. तीन वर्षांपर्यंत शिक्षा. हे कलम एजंट बाईंच्या कानावर घालून वरचे लोक तिला गप्प करतात. १९९९ चा महाराष्ट्राचा ठेवीदार हितसंरक्षण कायदा मात्र ठेवीदाराच्या बाजूने उभा आहे. त्यात संस्थेची आणि चालकांची मालमत्ता जप्त होते, सरकार सक्षम प्राधिकारी नेमते, विशेष न्यायालयात प्रकरण चालते आणि मालमत्ता विकून ठेवीदारांना वाटप करता येते. २०१९ मध्ये केंद्राने अनियंत्रित ठेव योजनांवर बंदीचा कायदा केला. साबण, पावडर, खडे असे काहीतरी हातात देऊन साखळी चालवायची पळवाट बंद करण्यासाठी थेट विक्रीच्या २०२१ च्या नियमांनी पिरॅमिड योजनांना मनाई केली. कायदे पुष्कळ आहेत. जप्ती आणि वाटप यांच्यामध्ये जी वर्षे जातात, त्यांचा हिशेब कुठल्याच कायद्यात नाही.

मग गरिबाने पैसा एकत्र करूच नये का? जरूर करावा. आपल्या बायका भिशी चालवतातच. दहा जणींनी महिन्याला हजार हजार टाकले तर दहा हजार जमतात आणि दहा हजारच वाटले जातात. कुणाला आधी मिळतात, कुणाला नंतर, पण एकही पैसा हवेतून येत नाही आणि अकरावी बाई आणा म्हणून कुणी मागे लागत नाही. बचत गटाचे व्याज गटातच फिरते, वही सगळ्यांसमोर उघडते. ज्या योजनेची वही उघडत नाही आणि जिला रोज नवा माणूस लागतो, ती कितीही आपल्या माणसाने आणली तरी ती त्या जुन्या पोस्टकार्डाची पोरगी आहे. ‘पैसे नेमके कशातून मिळवता? नवा सभासद आलाच नाही तर मला कुठून द्याल?’ हे दोन प्रश्न विहाराच्या बैठकीत उभे राहून मोठ्याने विचारावेत. उत्तराऐवजी गाडीचा फोटो दाखवला, की समजावे.

वसई-विरारमधील आपल्या विहारांनी, महिला मंडळांनी आणि वकील बांधवांनी एक काम हाती घ्यावे. मैत्रेय असो की दुसरी कोणती बुडालेली योजना, ज्यांच्या ट्रंकेत अजून पावत्या, पासबुके, न वटलेले चेक पडून आहेत, त्यांना एका रविवारी बोलवावे. झेरॉक्स काढाव्यात, ठेवीदार मयत असेल तर वारसाचे कागद जोडावेत, आणि आर्थिक गुन्हे शाखेकडे किंवा सक्षम प्राधिकाऱ्याकडे दावा नोंदला आहे की नाही ते एकेका घराचे तपासावे. एकटा माणूस गेला की ‘नंतर या’ ऐकतो, चाळीस माणसे वकिलासह गेली की पोच मिळते. आणि ज्या ताईंनी पैसे गोळा केले, त्यांनाही त्या बैठकीत मागच्या दाराने हाकलू नये, पुढे बसवावे. कुणी किती भरले, ते वर कुणाकडे पोहोचवले, कोणत्या तारखेला, हे लिहिलेली वही फक्त त्यांच्याकडे आहे. ती रद्दीत जाण्याआधी तपास अधिकाऱ्याच्या टेबलावर गेली पाहिजे, आणि ती घेऊन जाताना ताईंच्या सोबत वस्तीतली दहा माणसे असली पाहिजेत.