दुपारी मावळणारा दिवस

डिसेंबरअखेरीस सांगलीत सूर्य सायंकाळी सहानंतर मावळतो. बर्लिनमध्ये त्याच दिवसांत तो सकाळी सव्वाआठच्या सुमारास उगवतो आणि दुपारी चार वाजण्याच्या आतच अस्तास जातो. जेमतेम साडेसात-पावणेआठ तासांचा हा दिवस. सूर्यास्तानंतर अन्न न घेण्याचा नियम ज्या घरात पाळला जातो, तेथे हे आकडे रोजच्या स्वयंपाकाचे वेळापत्रक ठरवतात.

सांगली जिल्ह्यातून नोकरीनिमित्त बर्लिनला गेलेल्या एका जैन कुटुंबाने नाताळच्या आदल्या दिवशी केलेल्या खरेदीची ही हकीकत आहे. घरात पती, पत्नी, आठ वर्षांचा मुलगा आणि तीन महिन्यांसाठी आलेली पतीची बाहत्तर वर्षांची आई. रात्रिभोजनत्यागाचा नियम आईचा. बाकीच्यांनी तो जमेल तसा सांभाळलेला.

जर्मनीत रविवार आणि सणांच्या सुट्ट्या यांना राज्यघटनेनेच विश्रांतीचे दिवस म्हणून संरक्षण दिले आहे. १९१९ च्या वायमार राज्यघटनेतील ते कलम आजच्या घटनेतही कायम आहे. २५ आणि २६ डिसेंबर हे दोन्ही सुट्टीचे दिवस, आणि २४ तारखेला दुकाने दुपारी दोन वाजता बंद करावी लागतात. त्यामुळे त्या दिवशी कुटुंबापुढे दोन मुदती होत्या. एक दोन वाजताची, कायद्याची. दुसरी चारच्या आतली, सूर्याची.

बाटल्या, औषध आणि किराणा

सकाळी नऊला बाहेर पडताना मुलाच्या हाती रिकाम्या बाटल्यांची पिशवी होती. तेथे पाण्याच्या एकदा वापरायच्या बाटलीवर २५ सेंट अनामत घेतली जाते. बाटली यंत्रात टाकली की चिठ्ठी मिळते आणि ती रक्कम बिलातून वजा होते. १४ बाटल्यांचे साडेतीन युरो झाले. रांग लांब होती. त्यात वीस मिनिटे गेली.

पुढे औषधाचे दुकान. हिवाळ्यात ऊन दुर्मीळ, म्हणून आईसाठी ‘ड’ जीवनसत्त्व घ्यायचे होते. कॅप्सूलचे वेष्टन जिलेटिनचे, म्हणजे प्राण्यांच्या कातडी-हाडांपासून बनणारे. सुनेने अडचण सांगताच विक्रेतीने शांतपणे कॅप्सूल मागे ठेवल्या आणि थेंबांची बाटली काढून दिली. त्यानंतर आशियाई किराणा दुकानातून तूरडाळ, रवा आणि हिंग घेतला. तोवर बारा वाजत आले होते.

बारीक अक्षरे

खरा वेळ गेला तो मोठ्या दुकानात. भारतात वेष्टनावरचा हिरवा ठिपका पाहिला की काम भागते. जर्मनीत अशी खूण सक्तीची नाही. पिवळ्या वर्तुळातील हिरवे ‘व्ही’ चिन्ह काही वस्तूंवर असते, पण ते ऐच्छिक. त्यामुळे घटकांची यादीच वाचावी लागते. नाताळचा ‘श्टोलेन’ हा पावासारखा केक. त्यातील मनुका बहुधा रममध्ये भिजवलेल्या. ‘लेबकूखेन’ ही मसालेदार बिस्किटे. त्यांत मध आणि पुष्कळदा अंडी. मुलांच्या रंगीत रबरी गोळ्यांत जिलेटिन. चीजच्या यादीत ‘लाब’ हा तीन अक्षरांएवढा शब्द. तो बहुधा वासराच्या जठरातील विरजणाचा. तयार सुपांत कांदा ठरलेलाच.

आईला ती लिपी वाचता येत नव्हती. नातू वाचत होता आणि आजी ऐकत होती. युरोपातील नियमाप्रमाणे ॲलर्जी होऊ शकणारे घटक यादीत ठळक छापतात, म्हणून अंड्याचा शब्द चटकन सापडतो. नातवाने बोट ठेवून सांगितले, “आज्जी, हे ‘आय’. म्हणजे अंडं.”

आजीला हसू आवरेना. “आमच्या गावाकडं आय म्हणजे आई रे!”

कोबी, भोपळा, टोमॅटो, संत्री आणि दूध घेऊन सर्वजण पावणेदोनला बाहेर पडले.

राहून गेलेले काम

यादीतील शेवटचे काम दुकानातले नव्हते. दारावर टपालवाल्याची चिठ्ठी होती : सांगलीचे पार्सल खालच्या मजल्यावरील वृद्ध शेजारीणबाईंकडे ठेवले आहे. तेथे ही रीतच आहे. घरी कोणी नसेल तर शेजारी पार्सल सांभाळतात. पण त्या दारापुढे जाणे पतीला जड वाटत होते.

गेल्या वर्षी याच बाईंनी श्टोलेन दिला होता. त्याने तो घेतला, दुसऱ्या दिवशी “फार छान होता” असे सांगितले, आणि केक कचऱ्यात गेला होता. मुलाने ते पाहिले होते. “बाबा, आपण खाल्लाच नाही. मग तुम्ही खोटं का बोललात?” या प्रश्नाला तेव्हा उत्तर मिळाले नव्हते.

जेवणे उरकून तीनच्या सुमारास पती आणि मुलगा खाली गेले. हातात आईने केलेल्या शंकरपाळ्यांचा डबा होता. डब्यावर मुलाने जर्मनमध्ये घटक लिहिले होते : गव्हाचे पीठ, साखर, लोणी, वेलदोडा. बाईंनी पार्सल दिले आणि यंदाचा श्टोलेनही पुढे केला.

“आमच्या घरी रम आणि अंडे चालत नाही,” तो म्हणाला. “गेल्या वर्षीही आम्ही तो खाल्ला नव्हता. तेव्हाच सांगायला हवे होते. मला क्षमा करा.”

बाई क्षणभर गप्प राहिल्या. त्यांना वाईट वाटले, हे दिसत होते. मग त्या म्हणाल्या, “तेव्हाच सांगितले असते, तर तो मी माझ्या पुतण्याला दिला असता. तो आवडीने खातो.” त्या आत गेल्या आणि टेबलावरच्या परडीतील अक्रोड व छोटी संत्री वाटीत भरून घेऊन आल्या. “हे तरी चालते ना?”

मुलाने संत्रे उलटसुलट करून पाहिले. “याला लेबलच नाही,” तो म्हणाला, आणि बाई पहिल्यांदा हसल्या.

नियम पाळण्यापेक्षा तो समोरच्याला सांगणे त्या घराला अवघड गेले होते. त्यासाठी एक वर्ष लागले.

वर येऊन पार्सल उघडले. त्यात बिनलसणाचे भडंग होते, तिळाचे लाडू होते. आईने खिडकीपाशी बसून बाईंचे एक संत्रे सोलले, चार फोडी खाल्ल्या आणि मूठभर भडंग तोंडात टाकले. पावणेचार वाजले होते. पाणी पिऊन तिने आपला वाटा झाकून ठेवला, उद्या सव्वाआठनंतरसाठी. नातवाला तो नियम नव्हता. त्याचे भडंग दिवे लागल्यावरही बराच वेळ चालले होते.