चार्जर आणि टेस्टर : दोन पेट्या, एकच काम

लेखमाला : जपानमधले गॅरेज – लेखांक ६

मागच्या आठवड्यात आपण शाकेन, म्हणजे जपानमधली सक्तीची वाहनतपासणी पाहिली. नवी खासगी मोटार तीन वर्षांनी आणि पुढे दर दोन वर्षांनी या तपासणीला जाते. त्या निमित्ताने गॅरेजमध्ये येणाऱ्या प्रत्येक गाडीच्या बॅटरीबद्दल मेकॅनिकला काहीतरी सांगावे लागते : चालेल, भरून घेऊ, किंवा बदलावी लागेल. हे मत कशाच्या बळावर द्यायचे, हा आजचा विषय. बहुतेक गॅरेजांत चार्जर अँपिअर पाहून घेतला जातो आणि टेस्टर उरलेल्या पैशांत. माझ्या मते ही उलटी वाट आहे. टेस्टरचा निकाल नीट भरलेल्या बॅटरीवरच खरा ठरतो आणि भरलेली बॅटरी भार पेलते की नाही हे टेस्टरशिवाय कळत नाही. म्हणून दोन्हींची निवड जोडीने करावी आणि त्या जोडीत पहिला मान टेस्टरला द्यावा.

याचा पुरावा जपानच्या रस्त्यांवरच मिळतो. रस्त्यात अडकलेल्या गाड्यांच्या मदतीला जाणारी जाफ ही संस्था १९६३ साली स्थापन झाली. तिच्याकडे वर्षाला वीस लाखांहून अधिक हाका येतात आणि मोटारींच्या बाबतीत उतरलेली बॅटरी हे कारण वर्षानुवर्षे पहिल्या क्रमांकावर आहे. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की खराब झालेली बॅटरी या यादीत वेगळी मोजली जाते. आपणही ‘बॅटरी उतरली’ आणि ‘बॅटरी गेली’ यांत फरक करतो. उतरलेली भरता येते, गेलेली बदलावीच लागते. पण चावी फिरवल्यावर दोन्ही सारख्याच वागतात : सेल्फ नुसता टकटकतो. ज्याच्याकडे फक्त चार्जर आहे तो गेलेली बॅटरीही भरत बसतो. ज्याच्याकडे दोन्ही नाहीत तो उतरलेलीही बदलून टाकतो. पहिल्याचा वेळ वाया जातो, दुसऱ्याच्या ग्राहकाचे पैसे.

यावर पहिला आक्षेप असा की व्होल्टमीटर आणि हायड्रोमीटर असताना वेगळा टेस्टर कशाला? शांत ठेवलेल्या पूर्ण बॅटरीवर साधारण १२.७ व्होल्ट दिसतात, अर्ध्या उतरलेलीवर १२.२, पूर्ण बॅटरीतल्या आम्लाची घनता १.२८ च्या आसपास असते. हे आकडे खरे आहेत, पण ते बॅटरी किती भरली आहे एवढेच सांगतात. तिच्यात ताकद किती उरली आहे हे सांगत नाहीत. पाट्यांवर शिशाच्या सल्फेटचा कडक थर बसलेली बॅटरीही आरामात असताना साडेबारा व्होल्ट दाखवू शकते. नुकतीच चालवून आणलेली गाडी तर त्याहून जास्त दाखवते. शिवाय सीलबंद बॅटरीत हायड्रोमीटर घालायला झाकणच नसते. अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठातले कीथ चॅम्पलिन यांनी १९७० च्या दशकात वेगळा मार्ग काढला : बॅटरीतून लहानसा बदलता प्रवाह सोडून तिची वाहकता मोजायची. पाट्यांचा कामाचा पृष्ठभाग जितका कमी, तितकी वाहकता कमी. आजचे हातात मावणारे टेस्टर याच तत्त्वावर चालतात. मात्र बॅटरी उतरली की वाहकताही घटते. म्हणूनच चांगला टेस्टर अशा वेळी घाईने निकाल न देता ‘भरून पुन्हा तपासा’ असे सांगतो. हे उत्तर देणारा टेस्टर निवडावा आणि ते उत्तर पाळता येईल असा चार्जर सोबत घ्यावा.

जपानमध्ये टेस्टरची निवड अधिक काळजीने करावी लागते. क्योतोचे दुसरे शिमाझु गेन्झो यांनी १८९५ साली जपानमधली पहिली शिसे-आम्ल बॅटरी बनवली. त्यांच्या आद्याक्षरांवरून जीएस हे नाव आले आणि आज जीएस युआसा ही कंपनी टाटा ऑटोकॉम्पच्या भागीदारीत पुण्याजवळ रांजणगावातही बॅटऱ्या बनवते. मूळ रसायन तेव्हाचेच आहे, पण बॅटरीवर पडणारे काम बदलले. ‘४६बी२४एल’ या जपानी खुणेत ४६ ही कामगिरीची पायरी, बी हा पेटीचा आकार, २४ ही सेंटिमीटरमधली लांबी आणि एल ही टर्मिनलची बाजू. सिग्नलला इंजिन आपोआप बंद होणाऱ्या गाड्यांसाठी त्याच आकाराच्या पेटीवर ‘एन-५५’ अशी वेगळ्या मानकाची खूण असते, तर काही नव्या गाड्यांत युरोपीय मापाच्या बॅटऱ्या आहेत. थंडीतल्या ताकदीची चाचणी उणे १८ अंशांवर होते, पण किती सेकंदांनी किती व्होल्ट उरले पाहिजेत हे मानकागणिक बदलते. चुकीचे मानक निवडले की टेस्टर अचूक मोजूनही चुकीचा निकाल देतो. ही तिन्ही मानके नसलेला टेस्टर जपानी गॅरेजला स्वस्तातही महाग पडेल.

दुसरा आक्षेप वेळेचा. ग्राहक थांबलेला असताना शंभर अँपिअरचा चार्जर अर्ध्या तासात गाडी सुरू करून देतो, मग हळू भरायचे कशाला? पण गाडी सुरू होणे म्हणजे बॅटरी भरणे नव्हे. ४६बी२४एलची पाच तासांच्या हिशेबाने क्षमता ३६ अँपिअर-तास आहे; दहाव्या हिश्श्याचा नियम लावला तर प्रवाह साडेतीन अँपिअरच्या आसपास हवा. टोयोटाची माहितीपुस्तिकाही पाच अँपिअर किंवा कमी प्रवाहानेच हळू भरायला सांगते. घाई केल्यास बॅटरी फुटण्याचा धोका असतो. शिवाय जपानी भिंतीतला साधा सॉकेट १०० व्होल्ट आणि १५ अँपिअरचा, म्हणजे १,५०० वॅटचा. पंधरा व्होल्टला शंभर अँपिअर देण्यातच तेवढी वीज संपते, वाया जाणारी वेगळी. त्यापेक्षा तापमान पाहून आपोआप थांबणारे तीन-चार लहान चार्जर घ्यावेत, त्यांतला एक ट्रकसाठी २४ व्होल्टचा. ते रात्रभर चालू द्यावेत. तोवर ग्राहकाला देण्यासाठी दाइशा, म्हणजे बदली गाडी, ठेवायची पद्धत तिथे आहेच. एका चार्जरमध्ये स्थिर व्होल्टेज देण्याची सोय मात्र हवी. ऑक्टोबर २०२४ पासून जपानी गाड्यांच्या तपासणीत संगणकातल्या दोषनोंदीही वाचल्या जातात. ते काम चालू असताना व्होल्टेज ढासळून चालत नाही.

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर आहे : टेस्टर हे बॅटरी खपवण्याचे हत्यार आहे. उतरलेल्या अवस्थेत मोजून ‘बदला’ म्हणणे सोपे असते, हे खरे. त्यावर उपाय टेस्टर टाळणे हा नाही. भरण्याआधीचा आकडा आणि भरल्यानंतरचा आकडा अशा दोन छापील चिठ्ठ्या ग्राहकाच्या हातात द्याव्यात. दुसऱ्या चिठ्ठीत बॅटरी सुधारलेली दिसली तर ती विकायची गरजच उरत नाही. न सुधारली तर मेकॅनिकला पटवावे लागत नाही, आकडाच ते करतो. म्हणून चिठ्ठी छापणारा टेस्टर हा गॅरेजच्या शब्दाला दिलेला आधार आहे आणि त्यावर केलेला खर्च चार्जरच्या जादा अँपिअरवरच्या खर्चापेक्षा लवकर वसूल होतो.

दोन्ही चिठ्ठ्या उत्तम आल्या आणि तरी आठवड्याने तीच बॅटरी पुन्हा उतरली, तर दोष तिच्यात नसून बहुधा बंद गाडीतही चोरपावलांनी वाहणाऱ्या प्रवाहात असतो. तो कसा शोधायचा, ते पुढच्या लेखांकात.