गडाखालची रात्र, कमी पैशांत

भोर-वेल्ह्याकडे मुक्कामी जायचं ठरलं की बहुतेकांची पहिली धाव दुकानाकडे. तंबू, स्लीपिंग बॅग, गॅसची शेगडी, डोक्यावरची बॅटरी, घडीची खुर्ची. एका रात्रीच्या सहलीला महिन्याच्या किराण्याएवढे पैसे जातात आणि त्यातलं निम्मं सामान नंतर माळ्यावर पडतं. खरं तर आधी एकच गोष्ट ठरवायची असते, झोपायचं कुठे. ती ठरली की यादी आपोआप आखडते.

झोपायचं गडावर नाही, गडाखाली. राजगडावर पद्मावतीच्या देवळात पथारी टाकून ट्रेकर मंडळींच्या पिढ्या झोपल्या, पण पुरातत्त्व विभागाने तिथल्या मुक्कामाला आता मनाई केली आहे. जुलै 2025मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत जे बारा किल्ले गेले, त्यांत राजगडही आहे. बाकीच्या गडांवरही हाच नियम धरून चालावं. यात खिशाचाही फायदा आहे. तंबू, भांडी, शिधा आणि रात्रभराचं पाणी पाठीवर घेऊन चोरदरवाजाची वाट चढायची तर सामान हलकं हवं, आणि हलकं सामान महाग असतं. पायथ्याशी झोपलं तर घरातलं जाड पांघरूण आणि ॲल्युमिनियमचं पातेलंही चालतं. पहाटे फक्त पाणी आणि खाऊ घेऊन वर जायचं, बाकीचं बोचकं गावात.

तोरण्यासाठी वेल्हे, राजगडासाठी गुंजवणे किंवा पाली, रायरेश्वर-केंजळगडासाठी कोर्ले, रोहिड्यासाठी बाजारवाडी, ही पायथ्याची गावं. (वेल्हे तालुक्याचं नाव आता राजगड झालंय, पण लोकांच्या तोंडी अजून वेल्हेच आहे.) रायरेश्वराचं पठार तेवढं वेगळं. तिथे वरच जंगम मंडळींची घरं आहेत आणि आधी कळवलं तर जेवणाची, झोपण्याची सोय होते. पहिल्यांदाच जाणाऱ्यांना मी बाजारवाडी सांगेन. भोरपासून जवळ, चढ आटोपशीर, आणि रोहिड्याचा हत्तीची शिल्पं असलेला तिसरा दरवाजा, त्यावरचे मराठी आणि फारसी शिलालेख बघायला घाई करावी लागत नाही.

जाण्यायेण्यात सगळ्यात जास्त पैसे वाचतात. स्वारगेटहून भोरला एसटी आहे. वेल्ह्याची वाट नसरापूरवरून जाते. महिलांना मार्च 2023पासून एसटीत अर्धं तिकीट आहे, म्हणजे दोन बाया आणि दोन पुरुष निघाले तर चौघांचं भाडं तिघांत भागतं. तालुक्याच्या गावापासून पुढे मात्र गाड्या मोजक्या, म्हणून स्टँडवर उतरल्याबरोबर कंट्रोलरच्या खिडकीत दोन प्रश्न विचारायचे: पुढची गाडी कधी, आणि उद्या परतीची शेवटची कधी. काही गावांना संध्याकाळची मुक्कामी गाडी असते. ती रात्री गावातच थांबते आणि पहाटे परत फिरते. जायला ती सोयीची, पण परतीला तिच्यावर विसंबलात तर गड न चढताच घरी याल. शिवाय ती गावात पोचते तेव्हा अंधार झालेला असतो. अंधारात जागा मागणं वाईट. गावाला तुम्ही दिसत नाही आणि तुम्हाला गाव. दुपारची गाडी धरा.

गावात पोचल्यावर मोकळी जागा दिसली म्हणून तंबू ठोकायचा नाही. ती कुणाची तरी खाचरं असतात, नाहीतर वनखात्याची जमीन. पारावर बसलेल्या माणसाला सरळ विचारावं, “मामा, सकाळी गडावर जायचंय, रात्री देवळात टेकलं तर चालेल का?” बहुतेकदा उत्तरादाखल प्रश्नच येतो, “टेका की, पण जेवणाचं काय?” तेव्हा संकोच करू नये. पिठलं-भाकरी किंवा भात-आमटी कुणाच्या घरी होईल ते विचारावं, माणशी किती द्यायचे हे आधीच बोलून घ्यावं, भाकऱ्या किती लागतील ते दिवेलागणीच्या आत सांगावं. आणि पैसे जिने चुलीपुढे बसून भाकऱ्या थापल्या, त्या मावशींच्या हातात द्यावेत. शेगडी, गॅस, भांडी आणि शिधा यांच्या खर्चापेक्षा हे जेवण जवळजवळ नेहमीच स्वस्त पडतं, चवीचं तर सोडाच. देवळाला सभामंडप असेल तर तंबूही लागत नाही. निघताना झाडून घ्यायचं, पेटीत काहीतरी टाकायचं.

आता थंडी. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हाच मुक्कामाचा खरा हंगाम, आणि या खोऱ्यांतली थंडी पाहुण्यांना फसवते. लोक अंगावर दोन पांघरुणं घेतात आणि खाली चादर. रात्री दोनला कुडकुडत उठतात, कारण ऊब वरून कमी आणि खालून जास्त जाते. झोपल्यावर अंगाखालचं पांघरूण वजनाने दबतं, त्यातली हवा निघून जाते, आणि ऊब धरून ठेवते ती हवाच. फरशी किंवा माती मग रात्रभर अंगातली उष्णता ओढत राहते. म्हणून दोन पांघरुणं असतील तर जाड ते खाली. खाली दबणार नाही असं काही हवं: फोमची चटई, नाहीतर जाड पुठ्ठा, वर घोंगडी. हा भाताचा मुलूख आहे. कापणी-मळणीनंतर खळ्यावर पेंढा रचलेला असतो, आणि मालकाला विचारून चार पेंढ्या आणल्या तर ताडपत्रीवर हातभर जाडीचं अंथरूण होतं. त्यासारखी गादी दुकानात नाही. फक्त त्याच्या आसपास बिडी-काडी नको, आणि सकाळी पेंढा होता तसा परत रचून द्यायचा. ती जनावरांची वैरण आहे.

तंबू टाकायचाच असेल तर विकत घेऊ नका, पुण्यात भाड्याने मिळतात. ‘तीन माणसांचा’ लिहिलेला तंबू दोघांचा समजावा. जागा ओढ्याकाठी किंवा भाटघर धरणाच्या पाण्यालगत निवडू नये. रात्री थंड हवा जड होऊन उतारावरून खाली येते आणि खोलगट जागी साठते. थोडं वर, उताराच्या मध्यावर, दोन पांघरुणांचा फरक पडतो. शिवाय धरणाचं पाणी ओसरल्यावर काठाला गाळ राहतो, तो वरून सुकलेला दिसतो आणि पाय टाकला की गुडघाभर आत जातो. सकाळी तंबू आतून ओला दिसला तर तो गळत नसतो. आपल्याच श्वासातली वाफ थंड कापडावर धरते. वरची झडप उघडी ठेवली की हे बरंच कमी होतं. जाळीची चेन मात्र घट्ट बंद. मण्यार रात्री फिरते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाच्या अंथरुणात शिरते. चावलं तर दुखतही नाही फारसं, म्हणून शंका आली तरी 108ला फोन आणि थेट सरकारी दवाखाना.

स्वतः रांधायची हौस असेल तर खिचडी. माणशी 100 ग्रॅम तांदूळ आणि 50 ग्रॅम मूगडाळ घरूनच मीठ, हळद, मसाला घालून पिशवीत भरावी. अर्धा तास भिजवली, एक उकळी आली की झाकण ठेवून पातेलं गोधडीत गुंडाळलं, तर निम्म्या इंधनात शिजते. चूल गावात, विचारून, तीही मोकळ्या अंगणात. फेब्रुवारीनंतर डोंगरावरचं गवत इतकं वाळतं की एका ठिणगीने अख्खी सोंड जळते. गडावर तर काडीही नको, सिगारेटसुद्धा. कड्यांना आग्यामोहोळं असतात, धुराने ती उठतात आणि मग पळायला जागा नसते.

भाड्याचा तंबू दवाने ओला असतानाच घडी करून परत दिला तर त्याला बुरशी धरते आणि अनामत कापली जाते. गडावरून उतरल्यावर एसटीला तासभर असतोच. तेवढ्या वेळात तो शाळेच्या कुंपणावर उन्हात टाकावा.