आथाबास्का येथील अपुरीं विंधनें

कॅनडाच्या सस्कॅचेवान प्रांतांतील आथाबास्का खोऱ्यांत युरेनियमच्या शोधार्थ झालेल्या जुन्या विंधनांच्या नोंदी वाचतांना, प्रथम विंधनाचा तळ पाहावा, मग शेरा. वालुकाश्म व त्याखालील प्राचीन खडक यांचा सांधा हेंच त्या काळीं लक्ष्य असे. त्याखालीं थोडेंसें उतरून पुष्कळ विंधनें थांबविलीं गेलीं. समजूत अगदींच निराधार नव्हती. १९८१ सालीं सिगार लेकचा अतिसंपन्न साठा सांध्यावरच निघाला. यशानेंच दृष्टि आंखडली, असें आम्हांस वाटतें. पुढें हिमनदीनें वाहून आणलेल्या किरणोत्सारी धोंड्यांचा माग काढीत २०१२ सालीं ट्रिपल आर साठा सांपडला, तो वालुकाश्माच्या कडेबाहेर! २०१४ चा ॲरो साठा तर सर्वस्वीं खालच्या खडकांत आहे. सबब जुन्या नोंदींतील ‘निष्फळ’ हा शेरा आम्ही विंधनाच्या खोलीपुरताच प्रमाण मानतों.