चाळिशी नाकावर चढते तेव्हा



खरे म्हणजे या अंकासाठी आमच्याकडे खोडव्यावर लेख मागितला होता. पाचट जाळू नका, बुडखे जमिनीलगत छाटा, हे आम्ही दरवर्षी लिहितो आणि आपण दरवर्षी वाचता. यंदाही निम्मा लेख लिहून झाला होता. तो बाजूला ठेवून हे लिहायला घेतले, त्याला कारण एक एस.टी.चा कंडक्टर.

गेल्या श्रावणात आम्ही उभयता तालुक्याला निघालो होतो. कंडक्टर पोरगेलाच होता. त्याने आमच्याकडे एकदा पाहिले आणि मोठ्या आदराने म्हणाला, "आजोबा, आधार कार्ड काढा, अर्धं तिकीट देतो." एस.टी.त ज्येष्ठांना अर्धे तिकीट पासष्टीनंतर लागते. आमचे वय 54. आम्ही जरा घुश्शातच म्हणालो, "फुल्ल फाड." शेजारी बसलेल्या आमच्या मंडळींना मात्र 2023 पासून समस्त महिलावर्गाला मिळते ते अर्धे तिकीट मिळाले, आणि तालुका येईपर्यंत त्या पदर तोंडाला लावून हसत होत्या.

हसण्यावारी नेले खरे, पण त्या रात्री आरशापुढे नेहमीपेक्षा जास्त वेळ उभे राहिलो. माणूस आरशात रोज बघतो, पण दाढीपुरता. कानशिलावर पांढरे, टाळूवर विरळ, डोळ्यांखाली पिशव्या आणि सदऱ्याची तिसरी गुंडी ताणलेली. हा गृहस्थ कोण, असे वाटून गेले.

पारावर आपण ऊसदरावर बोलतो, पावसावर बोलतो, कुणाच्या सोयरिकीत काय फिसकटले त्यावरही बोलतो. पण "मी आता पूर्वीसारखा दिसत नाही आणि त्याने मनाला कसेसे होते," असे वाक्य आम्ही पारावर आजवर ऐकलेले नाही. मनातल्या मनात ठेवून माणूस काय काय करून बसतो, ते दुसऱ्याचे कशाला, आमचेच सांगतो.

त्या श्रावणानंतर महिनाभराने कारखान्याची वार्षिक सर्वसाधारण सभा होती. गावच्या उपसा सिंचनाच्या थकबाकीचा प्रश्न आम्ही मांडायचा, असे गावाने ठरवले होते. सभेला उभे राहायचे तर 'आजोबा' म्हणून नको, या विचाराने आदल्या रात्री दुकानातून काळ्या मेंदीचे पाकीट आणले आणि डोक्याला व मिशीला चोपडले. पहाटे उठलो तो डोळे उघडेनात. पापण्या पुरीसारख्या टम्म फुगलेल्या, कपाळाला खाज, मिशीखाली पुरळ. डॉक्टरांनी इंजेक्शन दिले, गोळ्या दिल्या. सभा व्हायची ती झाली. आमच्या गावचा प्रश्न कुणी मांडलाच नाही, कारण तो आम्ही मांडणार होतो. केस मात्र काळेभोर झाले होते. ते बघायला घरात आम्ही एकटे!

त्या पाकिटाविषयी डॉक्टरांनी सांगितले ते आपल्यालाही ठाऊक असावे. मेंदीच्या पानाचा रंग तांबूस. निव्वळ मेंदीने केस काळे होत नाहीत. पाकिटावर 'काळी मेंदी' असे छापलेले असले, तरी आतला काळेपणा बहुधा पॅराफेनिलिन डायअमाइन नावाच्या रसायनाचा असतो. ते पुष्कळांना सोसते, काहींना सोसत नाही, आणि दहा वर्षे सोसलेल्यालाही अकराव्या वर्षी बाधू शकते. म्हणून कोणताही रंग लावण्याआधी कानामागे किंवा कोपराच्या आत थोडासा लावून दोन दिवस, म्हणजे 48 तास, थांबायचे. खाज किंवा लाली आली तर ते पाकीट आपले नव्हे. शिवाय केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो, त्यामुळे पंधरा दिवसांत मुळे पुन्हा पांढरी दिसू लागतात. केसाच्या मुळाशी रंग तयार करणाऱ्या पेशी असतात, त्या वयपरत्वे थकतात, म्हणून केस पांढरा येतो. एक उपटला तर सात येतात हे खरे नाही, पण उपटल्याने काळा येतो हेही खरे नाही.

रंग लावणाऱ्यांना आम्ही नावे ठेवत नाही. ज्याला सोसतो आणि बरे वाटते त्याने खुशाल लावावा. आम्ही लावला तो बरे वाटावे म्हणून नव्हे, लाज वाटली म्हणून, आणि घाईत.

एवढ्यावर शहाणे व्हायला हवे होते. झालो नाही.

मार्गशीर्षात पूर्वहंगामी लागणीत तण माजले होते. तणनाशक आणले. गडी पंप घेऊन बांधावर उभा, आणि आम्ही डब्यासोबतचे घडीपत्रक हातात धरलेले. अक्षरे मुंगीएवढी. जवळचा चष्मा आम्हाला दीड वर्षापूर्वीच एका शिबिरात लागलेला होता. तो घरी कपाटाच्या खणात होता. चारचौघांत तो काढायची लाज वाटे, आणि हा गडी तर आमच्या थोरल्यापेक्षाही लहान. त्याच्याकडून वाचून घ्यावे, तर "मालकाला दिसत नाही" हे संध्याकाळपर्यंत गावभर. पत्रक हातभर लांब धरले, डोळे बारीक केले आणि ठणकावून आकडा सांगितला. एकरी ग्रॅमच्या आकड्यातला 3 आम्ही 8 वाचला होता.

आठवड्यात पाने शेंड्याकडून पिवळी पडली, मग वाळली. शेतकी खात्याचे साहेब आले. त्यांनी प्लॉट पाहिला, पत्रक मागून घेतले, वाचले आणि आमच्याच हातात परत दिले.

"आण्णा, एवढी ओळ वाचून दाखवा बघू."

आमचा हात आपोआप लांब गेला. साहेब काही बोलले नाहीत. आपला चष्मा काढून त्यांनी आमच्यापुढे धरला. तो लावला आणि 3 स्वच्छ 3 दिसला. पंधरा गुंठ्यांत नांग्या भरायचा खर्च आला, बेणे पुन्हा आणावे लागले, आणि तेवढ्या पट्ट्यातला ऊस आजही इतरांपेक्षा हात-दीड हात मागे आहे. येता-जाता दिसतो.

मराठीत या चष्म्याला 'चाळिशी' हे नावच पडले आहे, म्हणजे आपल्या वाडवडिलांना ही गोष्ट किती पक्की ठाऊक होती! डोळ्यातले भिंग लहानपणी लवचिक असते, जवळचे बघताना फुगते. चाळिशीच्या सुमारास ते ताठर होऊ लागते, आणि साठीपर्यंत नंबर थोडाथोडा वाढत जातो. चष्मा लावला म्हणून तो वाढत नाही, न लावल्याने थांबत नाही, आणि डोळ्यांच्या व्यायामाने उतरतही नाही. पण नुसता बाजारातला चष्मा उचलण्यापेक्षा एकदा डोळे तपासून घ्यावेत, कारण काचबिंदू वा मधुमेहाने झालेली इजा सुरुवातीला काही दुखत-खुपत नाही.

आता आमच्या मंडळींचे. त्यांच्या परवानगीने लिहीत आहोत, आणि लिहिलेले त्यांनी वाचून पाहिले आहे.

दोन वर्षांत त्यांनी हळदीकुंकवाला जाणे बंद केले होते. लग्नाला गेल्या तरी फोटो काढायची वेळ आली की स्वयंपाकाकडे सरकायच्या. बचत गटाच्या बैठकीला "तुम्ही करा, मी सही करते" एवढ्यावर आल्या. आम्हाला वाटले, कामाचा कंटाळा आला असेल. डोळे सुजले त्या आठवड्यात आम्ही घरीच पडून होतो, तेव्हा एके रात्री बोलणे निघाले. त्या म्हणाल्या, "अहो, तुम्हाला एक जण आजोबा म्हणाला तर तुम्ही गावभर सांगत फिरता. मला कुणी काही म्हणतच नाही. बघतच नाहीत कुणी."

आम्ही गप्प झालो. कारण न बघणाऱ्यांत आम्हीही होतो. गालावर वांग आले होते, भांग रुंद झाला होता, रात्री मध्येच घामाघूम होऊन त्या पंख्याखाली जाऊन बसत. आम्ही कूस बदलून झोपत होतो.

बायकांची पाळी साधारण 45 ते 50 च्या दरम्यान थांबते. सलग बारा महिने आली नाही म्हणजे ती गेली असे धरतात. त्याच्या आगेमागे अंगातून वाफा येणे, झोप उडणे, चिडचिड, केस विरळ होणे, पोट सुटणे हे होते. हा आजार नव्हे, पण त्रास खरा असतो आणि त्यावर डॉक्टरांकडे उपाय असतात. एकदा पाळी गेल्यावर पुन्हा रक्त दिसले, तर मात्र तपासणीला उशीर करू नये. आणि "आता काय उपयोग, पिशवी काढून टाका" असा सल्ला कुणी दिला तर दुसऱ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय हो म्हणू नये. आपल्या फडात राबणाऱ्या बायकांच्या बाबतीत काय झाले ते 2019 साली बीड जिल्ह्यातल्या प्रकरणाने साऱ्या महाराष्ट्राला कळले. सरकारला त्यासाठी समिती नेमावी लागली. पिशवीबरोबर बीजकोशही काढले तर पाळी जाण्याचे सारे त्रास एकदम आणि अवेळी येतात, हाडेही ठिसूळ होतात. त्या बायका आपल्याच उसाला कोयता लावतात, एवढे सभासदांनी लक्षात ठेवावे.

वांगावर दुकानात मागून मिळणाऱ्या मलमाचाही मोह नको. चार दिवसांत चेहरा उजळवणाऱ्या पुष्कळ मलमांत स्टेरॉईड असते. आधी उजळते, मग कातडी पातळ होऊन लाल पडते, आणि बंद केले की जास्त भडकते. अशी कित्येक मलमे 2018 साली केंद्र सरकारने डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत असे ठरवले. काही क्रीमांत पारा सापडला आहे, त्याने मूत्रपिंड बिघडते. उन्हात काम करणाऱ्याला डोक्यावरून ओढलेला पदर आणि रुंद काठाची टोपी यांचा उपयोग जास्त.

पुरुषांच्या अंगमेहनतीविषयी थोडेच. युरियाची गोणी 2018 पासून 50 ऐवजी 45 किलोची झाली, तरी आम्हाला ती जडच लागते आहे! स्नायू वयाप्रमाणे उतरतात, काम कमी केले तर लवकर उतरतात. कमरेचा घेर पुरुषांत 90 आणि बायकांत 80 सेंटिमीटरच्या वर गेला की तो दिसण्यापुरता प्रश्न राहत नाही, साखर आणि रक्तदाब तपासून घ्यावा. आणि वजन अचानक उतरले, तहान वाढली, तर "वय झालं" म्हणून बसू नये. मिशरी लावणाऱ्या माता-भगिनींनी दात पडायच्या आधी ती सोडावी, कारण दात गेले की गाल बसतात आणि माणूस तोंडावर हात धरून बोलू लागतो. आमच्या एक चुलती अशाच बोलत. कवळी बसवल्यावर त्यांचा आवाज खरा किती मोठा आहे ते घराला कळले.

संक्रांतीला आमच्या मंडळी हळदीकुंकवाला गेल्या. केसांना साधी मेंदी लावतात, भांगाशी तांबूस दिसतो, त्यांना तो आवडतो. बचत गटाचे हिशेब पुन्हा त्याच वाचून दाखवतात, चष्मा लावून. तो चष्मा आमचा. दोघांचा नंबर जवळजवळ सारखा निघाला म्हणून एकावर भागवत होतो, पण दोघांना एकाच वेळी वाचायचे असले की भांडण होते. आता दुसरा केला आहे. एक घरात, एक शेतातल्या कोपीत औषधांच्या डब्याशेजारी दोरीने बांधून ठेवला आहे. तो गडीसुद्धा "मालक, चष्मा" म्हणून आधी तोच आणून देतो.

या सप्टेंबरातल्या सर्वसाधारण सभेला उपसा सिंचनाचा प्रश्न आम्ही मांडणार आहोत, पांढऱ्या डोक्याने. वार्षिक अहवालाचा टाइप थोडा मोठा करावा, अशी विनंतीही केली होती. पाने वाढतात आणि कागद महाग आहे, असे उत्तर आले. तेव्हा सभेला येताना आपापली चाळिशी खिशात घालून यावे. ताळेबंद अहवालाच्या शेवटच्या पानांत असतो आणि तिथली अक्षरे सगळ्यांत बारीक असतात.

खोडव्याचा राहिलेला लेख पुढच्या अंकी.